सातवी गोळी

मी त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेलो त्याच आठवड्यात माझा एक ओला मोजा गच्चीवरच्या दोरीवरून सुटून खाली त्यांच्या कढीपत्त्यात पडला. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर घरमालक उभे होते. पांढरी लुंगी, पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, आणि पुढे धरलेल्या पेन्सिलीच्या टोकावर माझा मोजा.

"तुमचा पुरावा," ते म्हणाले.

मी घाईघाईने माफी मागितली. माफी मागणं ही माझी सवयच आहे. बायको आणि मुलगी पुण्यात, आई सांगलीत, मी बेंगळुरूत. असा तीन गावांत वाटला गेलेला माणूस कुठल्याही क्षणी कुणाचा तरी अपराधी असतोच. मोजा हे निमित्त.

"हात नाही लावला. ठसे राहतात," ते गंभीरपणे म्हणाले. "पण पेन्सिल ही मोज्यालाच ठीक. रिव्हॉल्व्हर उचलायला नळीत पेन्सिल घालायची नाही. ते लोक घालतात. अडाणी! आतलाच पुरावा पुसून टाकतात."

"कोण लोक?"

"या की खाली. स्वल्प कॉफी घ्या. दाखवतो."

ते लोक म्हणजे जुन्या अमेरिकन सिरीयलमधले पोलीस. अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, भाऊ तिकडे स्थायिक झालेला. त्याने कधीकाळी टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटींचं एक खोकंच पाठवलं होतं. पुढे कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा कुणाकडून तरी त्यांनी त्या पेनड्राइव्हवर घालून घेतल्या. देवापुढे दिवा लावून झाला की दोघं टीव्हीसमोर बसत. नवं काही बघत नसत. तेच लांबलचक बॉनेटच्या गाड्यांचे पोलीस, तेच रुंद कॉलरचे डिटेक्टिव्ह, आणि तेच चोर. वर्षानुवर्षं.

बेंगळुरूतला आमचा भाग, सगळं मारतहळ्ळी, त्यांना अण्णा म्हणत असे. घराण्याच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यामुळे मराठीत कानडी अशी मुरलेली की कुठलं काय ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. एका सरकारी कारखान्यात, मोजमापाच्या खोलीत, त्यांची सगळी नोकरी झाली. केसाच्या जाडीचे भाग करून त्यातला एक भाग कमी पडला म्हणून अख्खा माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या आधी त्यांनी हे घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नाचणीची शेतं होती म्हणे. मी गेलो तेव्हा काचेच्या इमारती होत्या आणि त्यांत माझ्यासारखे लोक.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्याबरोबर एक भाग बघितला आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं एकच टीव्ही बघत नव्हतो. मी कोण कुणाला मारतंय ते बघत होतो. ते पोलिसांचा पट्टा बघत होते.

"बघा, बेड्यांचं पाकीट मागं. काडतुसं पुढं, कातडी फासात ओवलेली. दंडुक्याला कडी. पळताना आवाज येतो, ऐका. कातडं कुरकुरतं. नवा पट्टा आहे. म्हणजे हा पोलीस नवा."

"तसं दाखवायचं असेल त्यांना?"

"छे हो. त्यांना कुठं कळतं? पट्टा नवा आहे, बस्स."

गोळीबार सुरू झाला की ते उजवा हात मांडीवर ठेवत आणि प्रत्येक आवाजाला एक बोट उचलत. पाच संपली की डाव्या हाताचा अंगठा. त्यानंतरही हिरो थांबला नाही की ते हात जोडून म्हणत, "सात! देवाची कृपा." रिव्हॉल्व्हरच्या चक्रात सहाच घरं असतात. मधे भरल्याशिवाय सातवी गोळी येणार कुठून? पण अण्णांच्या टीव्हीत ती येई, आठवी येई, एकदा तर अकरा झाल्या. त्या दिवशी ते इतके हसले की अक्कांना पाणी आणावं लागलं.

रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दिसला की मात्र ते हसत नसत. ते त्यांना लागत असे. "नळी आणि चक्राच्या मधे फट असते की हो. आवाज फटीतून येणार. तोंडाला चादर बांधून काय उपयोग?" मापाच्या खोलीतला माणूस बोलायचा तो.

आणि एक खास रिव्हॉल्व्हर होतं. चार इंची नळीचं, लाकडी मुठीचं, आणि मुठीवर खालच्या बाजूला एक तिरका ओरखडा. अण्णांनी ते कधीतरी हेरलं होतं. सिरीयलवाल्यांकडे मोजकीच हत्यारं असणार, तीच फिरवून वापरणार. पण अण्णांच्या लेखी ते एक माणूस होतं. मागच्या भागात पोलिसाकडे असायचं, या भागात दारूच्या दुकानात दरोडा घालणाऱ्याकडे. "आलं!" ते ओरडत. "बदली झाली बिचाऱ्याची. मागच्या खेपेला खाकीत होतं. आता बघा कुठं टाकलंय." कधी त्याला नुसतंच टेबलाच्या खणात पडायचं काम मिळे. "साइड पोस्टिंग," अण्णा हळहळत. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस बदल्यांकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने ते त्या रिव्हॉल्व्हरकडे बघत.

मी एकदा विचारलं, "अण्णा, पण खून केला कुणी?"

ते जरा ओशाळले. "ते जेवताना कळेल."

मला काही समजलं नाही. मग अक्काच पोळीचं पीठ मळता मळता हसून म्हणाल्या, "त्यांना त्या लोकांचं इंग्लिश कळत नाही. कधीच कळलं नाही. गोष्ट मी सांगते, जेवताना."

अक्का कंटोन्मेंटच्या कॉन्व्हेंटमधे शिकलेल्या. सुपारी चघळत बोलल्यासारखं ते इंग्लिश त्यांना सहज कळे. अण्णांचं इंग्लिश कारखान्याचं, ड्रॉइंगवरच्या सूचनांचं. पहिल्या कॅसेटीपासून ही व्यवस्था ठरलेली होती. बघायचं दोघांनी. वस्तू अण्णांच्या, माणसं अक्कांची. मग ताटावर अक्का सांगत की तो जाड्या मेव्हणाच खुनी होता, पण बहिणीसाठी केलं त्याने, आणि शेवटी ती बहीण त्याच्याकडे कशी बघत राहिली. अण्णा घास हातात धरून ऐकत. "हो? तो जाड्या? त्याच्याकडं दोन इंचीवालं होतं, खिशात. मला वाटलंच." मी कित्येकदा त्यांच्या ताटाशेजारी बसून हे ऐकलंय. एकाच गोष्टीचे दोन अर्धे एकमेकांना जोडले जाताना.

आता लाकडी रिव्हॉल्व्हरबद्दल सांगतो, कारण पुढे ते येणार आहे.

टीव्हीतलं हत्यार हातात कसं बसेल हे बघायला अण्णांनी सागवानात एक रिव्हॉल्व्हर कोरलं होतं. मापं पडद्यावरून घेतलेली, आणि ती बरोबर असणार यात मला शंका नाही. चक्र फिरायचं. प्रत्येक घराला बारीकसा खटका लागायचा. वरून काळं बूट पॉलिश. खंडेनवमीला सगळं बेंगळुरू आपापली हत्यारं पुजतं. रिक्षांना झेंडूचे हार, बसच्या पुढ्यात फोडलेला कोहळा, दुकानातून चुरमुऱ्यांच्या पुड्या. अण्णा व्हरांड्यात टेबल मांडत. त्यावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, अक्कांचा मिक्सर, माझा लॅपटॉप, टीव्हीचा रिमोट आणि मधोमध ते रिव्हॉल्व्हर. त्यांच्या दृष्टीने यात विचित्र काहीच नव्हतं. आयुध म्हणजे आयुध.

समोरच्या पीजीतल्या कुणीतरी बाल्कनीतून फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत रिव्हॉल्व्हरला कुंकू लावणारा हात माझा होता.

दुपारी एक कॉन्स्टेबल आला. तरुण, घामेजलेला. "एन्री इदु?" त्याने टेबलाकडे बघून विचारलं. हे काय आहे? त्याने मला अजून काहीही विचारलेलं नव्हतं, पण मी बोलायला लागलो. हिंदीत, कारण कानडी माझी कच्ची. की साहेब, हे लाकडाचं आहे, हात माझा आहे, आणि माझ्या गाडीचा नंबर अजून महाराष्ट्राचाच आहे, बदलायचा राहिलाय, पुढच्या महिन्यात नक्की करतो. कॉन्स्टेबल माझ्याकडे बघतच राहिला. अक्कांनी मला मागे ओढलं. "तुम्ही आत जा बघू. नाहीतर नसलेले खून पण कबूल कराल."

अण्णा मात्र आनंदाने उजळले होते. खरा पोलीस. पट्ट्यासकट.

"बन्नि, बन्नि," या, या म्हणत त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्याच्याभोवती फिरले. "रिव्हॉल्व्हर एल्ली?" रिव्हॉल्व्हर कुठंय?

ते आपल्याला मिळत नाही, कॉन्स्टेबल म्हणाला. साहेबांकडे असतं. आपल्याकडे काठी आणि वायरलेस.

"बेड्या?"

स्टेशनात.

अण्णांचं तोंड उतरलं. मग त्यांची नजर वायरलेसवर गेली. त्याची पट्ट्याला अडकवायची पकड तुटली होती आणि भाजीच्या जुडीला असतं तसलं रबर लावून ती धरलेली होती. अण्णा आत गेले, पितळी पट्टीचा तुकडा आणि पक्कड घेऊन आले. कॉन्स्टेबल "बेडा, बेडा", नको, नको, म्हणत असतानाच त्यांनी ती दुरुस्त केली. मधल्या वेळात अक्कांनी त्याला कॉफी आणि चुरमुरे दिले आणि तो विजापूरकडचा आहे, बहिणीचं लग्न ठरत नाहीये, हे सगळं काढून घेतलं. अण्णांनी पट्टा ओळखला, अक्कांनी माणूस. जाताना कॉन्स्टेबल म्हणाला, पण हे असं ठेवू नका अण्णा, खरं वाटतं. रंग तरी द्या काहीतरी.

सागवानावर ऑइलपेंट, ही कल्पनाच अण्णांना सहन होईना. ते बूट पॉलिश पुसायलाही तयार नव्हते. शेवटी अक्कांनी हळदीची वाटी आणली. "देवाचं म्हणून लावते," त्या म्हणाल्या आणि सबंध रिव्हॉल्व्हर पिवळंधमक करून टाकलं. पिवळ्या रिव्हॉल्व्हरला कोण घाबरणार? पुढे दर खंडेनवमीला त्याला नव्याने हळद लागत गेली.

अक्कांच्या डोळ्यांचं त्यानंतर सुरू झालं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण आहे ते टिकलं नाही. कडेकडेने अंधार येत गेला. आधी त्यांना पडद्याचे कोपरे दिसेनात, मग चेहरे. आवाज होता, पण त्या जुन्या सिरीयलमधे निम्मी गोष्ट गप्प बसून होते. कोण दारात येऊन थांबलं, कोणी कोणाकडे बघितलं, ते ऐकू येत नाही.

टीव्ही बंद करू या, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

म्हणजे अण्णांनी.

मी जिन्यावरून उतरताना ते ऐकत असे. अण्णा जीव तोडून सांगत होते. "आता खोली. टेबल. टेबलावर फोन, काळा, डायलचा. आता दार. पोलीस. साधा वेष. कोटाच्या आत, खांद्याला होल्स्टर. डाव्या बाजूला. बटण उघडं ठेवलंय, चूक आहे, पडेल. आता हात घातला. काढलं. दोन इंची."

"अहो, ते कळलं. पण रडतंय कोण?"

खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज.

"रडतंय?"

"ऐका की. कुणीतरी रडतंय."

"हो. एक बाई आहे."

"कुठली? बायको, की ती कॅफेतली?"

"ते... साडी नाही ना त्यांची. सगळ्या सारख्याच दिसतात."

मग अण्णांनी उपाय काढला. पिवळं रिव्हॉल्व्हर अक्कांच्या हातात दिलं. जे पडद्यावर असेल ते त्यांच्या बोटांना दाखवायचे. ही नळी, हे चक्र, आता अंगठ्याने हा घोडा मागे ओढला, तसा तो ओढला. अक्का धीराने चक्र फिरवत बसत. बोटं हळदीने पिवळी होत. "छान बसतं हो हातात," त्या म्हणत. पण जेवताना ताटांवर कुणीच काही सांगत नसे. दोघंही आमटी वाढत, मीठ पुढे करत. कुणी खून केला हे आता त्या घरात कुणालाच माहीत नसायचं.

मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी खाली गेलो, अक्कांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. इंग्लिश मला कळतं, चेहरे दिसतात, सांगता येतं. अक्कांनी पूर्ण भाग ऐकला, मधे दोनदा हसल्या. अण्णा बाजूच्या खुर्चीत बसलेले. बोटंसुद्धा उचलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अक्का जिन्याच्या कठड्याला धरून माझ्या दारापर्यंत आल्या. मी खुर्ची दिली.

"तुम्ही छान सांगता," त्या म्हणाल्या. "पण सांगायला येऊ नका. बघायला या. कॉफी प्यायला या."

"माझं काही चुकलं का अक्का?"

"तुमचं काय चुकणार? तुम्हाला उगाच चुकल्यासारखं वाटतं." मग म्हणाल्या, "माझं काय, मी कानांवर भागवीन. पण यांनी जन्मभर माणसं माझ्याकडून ऐकली. टीव्हीतलीच नाही, सगळी. पोरीला सासरी काय झालं ते मी सांगायचं, शेजारी का रुसले ते मी सांगायचं. यांना बोलताना समोरच्याचा पट्टा दिसतो. आता मलाच दिसत नाही, तर यांना कोण सांगेल? म्हणून म्हणते, त्यांना शिकू दे. मी आहे तोवर शिकू दे."

त्या खाली गेल्यावर मी सांगलीला फोन लावला. आईला विचारलं, गोळ्या घेतल्यास का, सिलिंडर आला का, इन्व्हर्टर चालू आहे का. ती हो हो म्हणत गेली. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिला नेहमी एवढंच विचारतो.

मी सांगायला जायचं थांबवलं. बघायला जात राहिलो. अण्णांचं शिकणं फार हळू होतं. "ही तीच बाई, मघाची. नाही. केस वेगळे." मधेच पट्टा दिसला की गाडी पट्ट्यावर घसरायची. अक्का रागवायच्या, "अहो, माणसावर या." इतक्या सूक्ष्म मापांचा माणूस, पण चेहऱ्याचं माप घ्यायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं. ते खुर्ची पुढे ओढत ओढत टीव्हीपासून हातभर अंतरावर आले. चष्मा काढून, घालून, परत काढून बघत.

आणि इकडे मला त्यांची सवय लागली होती. गोळ्या सुटल्या की माझी बोटं आपोआप मांडीवर उठत.

त्या संध्याकाळी लागलेला भाग मी आधी बघितलेला नव्हता. एका इमारतीचा जिना. वर एक बाई, खाली एक पोलीस, मधे कुणीतरी लपलेलं.

"तो थांबलाय," अण्णा सांगत होते. "रिव्हॉल्व्हर काढलंय. राहू दे ते. तो वर बघतोय, तिच्याकडं. ती त्याला ओळखत नाही." ते पडद्याजवळ सरकले. "नाही. ओळखते. ओळखते, पण दाखवत नाही. खालचा ओठ आत घेतलाय."

मी अण्णांकडे बघितलं. पडद्यावर त्या पोलिसाच्या हातात चार इंची नळी होती, लाकडी मूठ, आणि मुठीवर तिरका ओरखडा. आमचं रिव्हॉल्व्हर परत खाकीत आलं होतं. आणि अण्णांना ते दिसलंच नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. माझी बोटं उठली. पाच, सहा.

"सात!" मी मोठ्याने म्हणालो.

"गप्प बसा हो," अण्णा मागे न बघता म्हणाले. "तोंड बघू द्या तिचं."

गोळीबार संपला. आणखी एक सुटली होती. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "ती जिन्यात बसली. रडत नाहीये. रडायचं राहून गेलंय बघ तिचं. त्याच्या टोपीकडं बघतेय. टोपी खाली पडलीय त्याची."

अक्कांनी एक श्वास घेतला. पिवळं रिव्हॉल्व्हर त्यांच्या मांडीवर होतं. मग त्या म्हणाल्या, "अहो, किती झाल्या?"

"काय?"

"गोळ्या. तुम्ही बोललाच नाहीत. मी वाट बघत होते."

अण्णा खुर्चीत वळले. इतका गोंधळलेला त्यांचा चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. "मोजल्या नाहीत," ते म्हणाले.

मला माहीत होतं. आठ. ओरखड्याचंही माहीत होतं. सांगायच्या राहून गेलेल्या गोष्टींची मला जन्मभर रुखरुख लागत आलेली आहे. या दोन मी त्या संध्याकाळी न सांगता ठेवल्या आणि त्यांची रुखरुख अजून लागलेली नाही.

"मग मागं घ्या," अक्का म्हणाल्या. "पहिल्यापासून लावा. मला दोन्ही पाहिजे."

अण्णांनी रिमोट शोधला. पडद्यावरची टोपी उडून परत पोलिसाच्या डोक्यावर गेली, बाई उठून उभी राहिली. मी आवाज न करता चपला हातात घेतल्या आणि जिन्याकडे निघालो.

"एक," मागून अण्णांचा आवाज आला. "ती घाबरलीय. दोन. हात कठड्यावर. तीन. आता घाबरलेली नाही, रागावलीय. थांब... आलं की हो! आपलं आलंय, ओरखड्याचं! चार!"

मी वरच्या पायरीवर पोचलो तेव्हा खालून "सात" ऐकू आलं. दोघांच्या आवाजात.